मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या कपाटात ठेवू नकोस

प्रश्न : सिस्टर, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूसाठी माझी निवड झाली. तीन महिने ट्रेनिंग देणार, त्याबदल्यात दोन वर्षांचा बॉण्ड. मधे सोडलं तर दीड लाख भरायचे आणि तोवर ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसात जमा. वडील म्हणतात, सही करून टाक, नोकऱ्या आहेत कुठं? काय करू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सहीचं नंतर बघू, आधी सर्टिफिकेटांचं. पडताळणीला मूळ कागद दाखव, झेरॉक्सवर सही करून दे आणि मूळ परत घेऊनच घरी ये. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीचं सरकारी भरतीच्या यादीत नाव लागलं. पण मार्कशीट, परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन, सगळं हॉस्पिटलच्या तिजोरीत. ऑफिसवाले रोज 'उद्या या' म्हणायचे. कागद तपासणीची तारीख गेली. मी तिची इन्चार्ज होते आणि गप्प बसले. त्याचं अजून वाईट वाटतं.

आता बॉण्ड. सरकारी दवाखान्यात शिकताना मीही दिला होता. पण सगळं शिक्षण, होस्टेल आणि वर विद्यावेतन सरकारनं दिलं होतं. तुला काय मिळणार, ते विचार. व्हेंटिलेटरची सेटिंग्ज, एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट वाचणं, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) काळजी हे कोण शिकवणार, दिवसाला किती वेळ? की पहिल्याच आठवड्यात चार पेशंट तुझ्या अंगावर टाकून नाइट लावणार आणि त्यालाच ट्रेनिंग म्हणणार? त्या तीन महिन्यांत पगार पूर्ण मिळणार का? दीड लाखाचा हिशेब लेखी माग. चौथ्या महिन्यात सोडलं काय आणि तेविसाव्यात सोडलं काय, रक्कम तीच, हे मान्य करू नकोस. दर महिन्याला ती उतरत गेली पाहिजे.

'बॉण्ड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याचं होतं, नव्या नर्सचं नव्हे. तरी सहीला वजन असतं. करार कायदा 1872 चं कलम 74 मात्र तुझ्या बाजूनं थोडं आहे : करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. आणि पैसे मागता येतील, पण बॉण्ड आहे म्हणून तुला ड्युटीवर डांबून ठेवता येत नाही.

कराराची प्रत दोन दिवस घरी वाचायला माग. वडलांना सोबत ने. प्रत द्यायला नाही म्हणाले किंवा मूळ कागदांवर अडून बसले, तर परत ये. तासगावहून मिरज जवळ आहे, तिथं आयसीयू चालवणारी हॉस्पिटलं कमी नाहीत. आधी तिथं अर्ज दे.