लाजेचा हप्ता

"मॅडम, पगार बरा आहे, व्यसन कसलंही नाही, तरी पैसा टिकत नाही. माझा स्वभावच तसा आहे."

मी समुपदेशनाचं काम करते. गेल्या दोन वर्षांत हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता पहिले चार शब्द ऐकले तरी पुढचं वाक्य कळतं. आयटीतली तरुणी, दोन टेम्पो चालवणारे गृहस्थ, निवृत्तीला आलेले शिक्षक. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात, पण गाडी स्वभावावर येऊनच थांबते. स्वभावाला औषध नाही, असं मनाशी धरूनच माणूस समोर बसलेला असतो. म्हणून आज संदीप यांची हकिकत सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संदीप ४१ वर्षांचे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. हातात ६८ हजार येतात, फ्लॅटचा हप्ता २४ हजार. ते माझ्याकडे आले ते पैशासाठी नाहीच, झोपेसाठी. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, म्हणून पाठवलं.

"झोप कधीपासून उडाली?"

"गणपतीनंतर."

"गणपतीत काय झालं?"

"काही नाही. गावी गेलो. मंडळाची वर्गणी, पाहुण्यांचं जेवण, पुतणीला मोबाइल. दरवर्षीचंच."

"पैसे कुठून आले?"

"क्रेडिट कार्ड आहे ना."

"कार्डावर बाकी किती आहे?"

"असेल लाख-दीड लाख."

ते 'असेल' माझ्या कानाला खटकलं. क्वालिटीत काम करणारा माणूस आकड्यापुढे 'असेल' म्हणत नाही. हळूहळू कळलं, की सात महिन्यांत त्यांनी कार्डाचं स्टेटमेंट उघडलेलंच नव्हतं. किमान रक्कम खात्यातून आपोआप कापली जायची. बँकेचा मेसेज आला की मोबाइल उपडा. बायकोला कार्ड आहे एवढंच माहीत होतं.

पहिल्या तीन भेटींत मी नेहमीच्या वाटेने गेले आणि फारसं काही हाती लागलं नाही. खर्च लिहून काढा म्हटलं, तर चार दिवस लिहिला आणि वही हरवली. ते प्रत्येक भेटीत स्वतःला नावं ठेवायचे, "मी बेशिस्त आहे" असं म्हणायचे, आणि ते म्हणून झालं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव यायचा. हा भाव मी ओळखते. स्वतःला शिव्या देणं ही कबुली वाटते, पण पुष्कळदा ती पळवाट असते. एकदा मी बेशिस्त ठरलो, की स्टेटमेंट उघडायची गरजच उरत नाही.

चौथ्या भेटीत मी पैशाचा विषय बाजूला ठेवला. म्हटलं, "तुम्ही कंपनीत नेमकं काय करता ते मला कळत नाही. समजावून सांगा."

संदीप खुर्चीत सरळ बसले. दर तासाला पीस उचलून गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, कसा तपासतात, चेक शीट कशी भरतात, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आणि लाइनच्या बाजूला लाल डबा असतो."

"तो कशाला?"

"खराब पीस त्यात टाकायचा. सगळ्यांना दिसेल असा. लपवला तर पुढे असेंब्लीत जातो, तिथून गिऱ्हाइकाकडे. लाइनवर वीस रुपयांत मिटणारं काम मग लाखात जातं."

"लपवतात का कोणी?"

"नवीन पोरं लपवतात. ओरडा बसेल म्हणून. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, पीस खराब आहे, तू खराब नाहीस. डब्यात टाक आणि मला हाक मार."

एवढं बोलून ते थांबले. मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "घरी लाल डबा नाहीये, मॅडम."

तीन भेटींत मला जे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवता आलं नव्हतं, ते हा माणूस रोज विशीतल्या पोरांना सांगत होता. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम करते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठी माणसाला कळेल अशा भाषेत रुजवली. माणसाची कृती आणि माणूस यांत फरक करायचा, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हा तिचा गाभा. पुस्तकातून हे शिकायला मला काही वर्षं लागली. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर ते रोज वापरलं जातं, हे मला संदीप यांनी शिकवलं.

त्या दिवशी मला जे स्पष्ट दिसलं ते असं. पैशाच्या बाबतीत ढिसाळ असलेल्या माणसाकडे शिस्त नसते, असं आपण समजतो. बहुतेकांकडे ती असते. कुणाच्या कामात असते, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या क्रिकेटच्या सरावात. पण पैशाच्या खोलीच्या दाराशी लाज उभी असते आणि ती शिस्तीला आत येऊ देत नाही. कंपनीत खराब पीस हा पीसचा दोष असतो. कार्डाची बाकी मात्र आपल्याच लायकीचं प्रमाणपत्र वाटते. ते कोण उघडून बघेल?

संदीप यांनी तिथेच मोबाइल उघडला. बाकी १ लाख ८० हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. मी कागद पुढे केला, हिशेब त्यांनीच केला. व्याज ६,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. म्हणजे दर महिन्याला जे ९,००० रुपये भरत होते, त्यातले ७,४३४ नुसते व्याजापायी जात होते. मुद्दल कमी होत होतं ते १,५६६ ने, आणि किराणा त्याच कार्डावर. बाकी पूर्ण फेडली नाही की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"कंपनीत पतपेढी असेल ना?" मी विचारलं.

"आहे. अकरा टक्क्यांनी देतात. वर्षाला."

"मग?"

"कमिटीत आमच्याच विभागातले लोक आहेत. दोन जामीनदार लागतात. ज्यांना मी चहा पाजतो त्यांच्यापुढे अर्ज घेऊन कसा जाऊ?"

मी कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा पेन उचललं. तेवढ्याच रकमेवर अकरा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज १,६५०. दोन्हींतला फरक ५,७८४ रुपये. चोवीस महिन्यांत फेडायचं तर हप्ता साधारण ८,४००, म्हणजे आत्ता भरत होते त्याहून कमीच, आणि दोन वर्षांत कर्ज संपलेलं.

"मग हे पावणेसहा हजार मी कशाचे भरतोय?" त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. त्या आकड्याखाली लिहिलं, 'लाजेचा हप्ता'. तो कागद मी जपून ठेवला आहे.

त्याच रात्री त्यांनी पत्नीला सांगितलं. मी एवढंच सुचवलं होतं की आधी आकडा सांगा, कारणं नंतर. माणूस कारणांपासून सुरुवात करतो आणि आकड्यापर्यंत पोचेस्तोवर समोरच्याचा धीर सुटतो. पुढच्या भेटीला सुनीताताई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोबाइल उपडा ठेवायचे, मेसेज आला की बाल्कनीत जायचे. मला वाटत होतं दुसरंच काहीतरी आहे. कर्ज आहे म्हटल्यावर मी आधी रडले आणि मग मला बरं वाटलं." त्या स्वतः सोसायटीतल्या बायकांची बारा जणींची भिशी चालवतात, एकही महिना चुकलेला नाही. शिस्तीचं माणूस घरातच होतं आणि त्यालाच हिशेबापासून लांब ठेवलं होतं. पतपेढीत तर काहीच घडलं नाही. कमिटीतल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, "इथे सही. माझंही चालूच आहे."

आता हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आपलीच गोष्ट वाटते आहे त्यांच्यासाठी. 'माझा स्वभाव कसा आहे' हा प्रश्न काही दिवस सोडून द्या. त्याऐवजी 'मी काय बघायचं टाळतो' असं विचारा. उत्तर बहुधा एका मिनिटात मिळतं. कुणी पासबुक टाळतं, कुणी भावाचा फोन, कुणी विम्याचं पाकीट. जे टाळता ते रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं बघा, आणि पहिले पंधरा दिवस फक्त बघा. खर्चाला हात लावू नका. 'उद्यापासून एक पैसाही जास्त नाही' अशी शपथ घेतली की ती आठवड्यात मोडते, मग लाज दुप्पट होते आणि वही पुन्हा हरवते. संदीप यांनी फ्रिजवर खराखुरा लाल डबा ठेवला. मोठ्या मुलाचा जुना टिफिन होता तो. घरातलं प्रत्येक बिल, प्रत्येक पावती त्यात, सगळ्यांना दिसेल अशी. शिफ्ट सुटून घरी आलं की चहाच्या आधी डबा.

दुसरं, आपल्या बोलण्यातल्या 'च'कडे लक्ष द्या. 'पुतणीला दिलाच पाहिजे.' 'बिल मीच भरलं पाहिजे.' 'भावकीत कमीपणा येताच कामा नये.' हे एक अक्षर माणसाला कर्जात घालतं, हे मी पुरेशा घरांत पाहिलं आहे. 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणून बघा. 'पुतणीला द्यायला मला आवडेल.' आता 'किती' हा प्रश्न विचारायला जागा होते. संदीप उधळे नव्हते, उदार होते. उदारपणा तसाच ठेवून त्याला आकडा जोडायचा होता.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ज्यांची मिळकतच घर चालायला पुरत नाही, ज्यांच्या घरात मोठं आजारपण आलं, त्यांना सवयींचे धडे देऊ नयेत. समोरची गोड गोळी लगेच न खाता थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं सांगणारा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जुना प्रयोग व्याख्यानांत हमखास ऐकवला जातो. २०१८ मध्ये दुसऱ्या नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो परिणाम बराच कमी भरला. उद्या मिळेल याची खात्री नसलेल्या घरात आजच खाऊन टाकणं हा चारित्र्याचा दोष नाही. वसुलीच्या फोनमुळे जीव नकोसा झाला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

गेल्या महिन्यात संदीप यांचा फोन आला. पतपेढीचे नऊ हप्ते राहिलेत. चुलतभावाचं लग्न आहे, काकांनी पन्नास हजार मागितले होते. यांनी सांगितलं, "काका, पंधरा देतो, आणि आदल्या दिवशी येऊन मांडवाचं सगळं मी बघतो." काका तेव्हापासून नीट बोलत नाहीत.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण पंधराचा आकडा फोन ठेवल्या ठेवल्या सुनीताला सांगितला. तिने लिहून डब्यात टाकलासुद्धा."