वयात आलेला मुलगा सारखा चिडतो, याला टेस्टोस्टेरॉन कारण असतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षांचा मुलगा सहा-आठ महिन्यांपासून दारं आपटतो, उलटून बोलतो, मागच्या महिन्यात तालमीत एकाशी त्याची जुंपली. नातेवाइकांनी सांगितलं, 'टेस्टोस्टेरॉन वाढलंय, रक्त तपासा, गोळी मिळते.' आणि तुम्ही विचारताय की हे हार्मोन खरंच डोक्यात जातं का.

जातं. पण गोळीचा विचार सोडून द्या, आणि रक्त तपासायचीही बहुधा गरज नाही. मी माणसांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. माझी नोकरी आटपाडी-जत पट्ट्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. मात्र नराच्या अंगातून हे हार्मोन काढून घेतलं की वागण्यात काय फरक पडतो, हे आम्हाला जेवढं जवळून दिसतं तेवढं माणसांच्या डॉक्टरांनाही क्वचितच दिसत असेल.

खिलार खोंड दुसा झाला, म्हणजे त्याला दोन पक्के दात आले, की त्याची चालच बदलते. पुढच्या खुरानं माती उकरतो, दुसरा खोंड दिसला की मान खाली घालून अंग आडवं करून दाखवतो, गाईचं मूत हुंगून वरचा ओठ दुमडतो आणि तोंड वर करून तसाच उभा राहतो. मालक त्याला खच्ची करायला आणतो. बर्डिझोच्या चिमट्यानं कातडी न कापता वृषणाकडे जाणारी नस चेंगरायची, रक्तपुरवठा तुटतो आणि वृषणं हळूहळू सुकून जातात. टेस्टोस्टेरॉन लवकर उतरतं, वागणं मात्र त्या वेगानं उतरत नाही. त्याला कित्येक आठवडे लागतात. आणि मान, वशिंड भरावं म्हणून ज्याला उशिरापर्यंत, अगदी चौसा (चार दाती) होईपर्यंत ठेवला, तो बैल झाल्यावरही गाय माजावर आली की उडायला बघतो. अंगातलं हार्मोन गेलेलं असतं, मेंदूनं गिरवलेलं गेलेलं नसतं.

याच्या उलटही बघा. गावचा वळू, ज्याच्याजवळ परका माणूस जाऊ शकत नाही, त्याच्याच शिंगांना बेंदराच्या दिवशी घरातली दहा-बारा वर्षांची पोरगी हिंगूळ लावत असते आणि तो डोळे मिटून उभा असतो. त्या घटकेला त्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन काही कमी झालेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच की टेस्टोस्टेरॉन भांडण तयार करत नाही. फुंकर निखाऱ्यावर पडली तर जाळ होतो, राखेवर पडली तर राखच उडते. निखारा आहे की नाही, हे त्या जनावराच्या सवयी, ओळख-पाळख आणि समोर कोण उभं आहे यावर ठरतं.

शास्त्रात याची सुरुवात कोंबड्यांपासून झाली. १८४९ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली. ते आरवेनात, झुंजेनात, तुरा खुरटला. मग काहींच्या पोटात वृषण परत बसवलं, मूळच्या जागी नाही, तरी सगळं परत आलं. म्हणजे मज्जातंतूंचा संबंध नव्हता, रक्तातून काहीतरी जात होतं. ते 'काहीतरी' १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकेर यांच्या प्रयोगशाळेत बैलवर्गाच्याच वृषणांतून वेगळं काढलं गेलं.

त्याहून महत्त्वाचं पाऊल १९५९ चं. फिनिक्स, गॉय, जेरॉल आणि यंग या चौघांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. पोटातल्या मादी पिल्लांवर त्याचा असा परिणाम झाला की मोठेपणी त्यांचं वागणं बरंचसं नरासारखं राहिलं. म्हणजे हे हार्मोन दोनदा काम करतं: एकदा गर्भात मेंदूची बांधणी होताना, आणि दुसऱ्यांदा वयात आल्यावर, त्या तयार बांधणीला चालना देताना. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या गुराख्याला यातला पहिला भाग निम्मा ठाऊक असतो. गाईला जुळं झालं आणि त्यात एक खोंड, एक कालवड असेल तर ती कालवड बहुतेक गाभण राहत नाही. दहातल्या नऊ तर नाहीतच. गर्भात दोघांचं रक्त मिसळतं आणि खोंडाची हार्मोन्स कालवडीत जातात. फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये हेच मांडलं होतं.

आता मेंदूत नेमकं काय होतं. टेस्टोस्टेरॉन पेशीच्या आत शिरतं आणि काही जनुकं चालू-बंद करतं, म्हणून त्याचा बराचसा परिणाम तासा-दिवसांनी दिसतो. भीती आणि राग सांभाळणाऱ्या अमिग्डालात आणि हायपोथॅलॅमसमध्ये त्याला पकडणाऱ्या जागा पुष्कळ असतात. गंमत अशी की मेंदूत पोहोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमॅटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. उंदराच्या नर पिल्लाचा मेंदू तर मुख्यतः या 'बाईच्या' हार्मोननंच नराचा होतो. माणसात तसं नाही, इथं टेस्टोस्टेरॉनचा थेट वाटा मोठा आहे. पण मिशीला पीळ देऊन टेस्टोस्टेरॉनचा अभिमान सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

माणसांवर झालेला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग झुरिकचा, २०१० साली छापलेला. शंभरावर बायकांना जिभेखाली अर्धा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा नुसतंच खोटं औषध दिलं, आणि मग पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला बसवलं. ज्यांना खरं टेस्टोस्टेरॉन मिळालं त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. आणि ज्यांना आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय असं *वाटलं*, मग मिळालेलं असो-नसो, त्या मात्र हावरटपणे वागल्या! हार्मोनपेक्षा हार्मोनबद्दलची समजूत जास्त भांडकुदळ निघाली. तुमच्या घरात 'हा आता टेस्टोस्टेरॉनवर आहे' असं पोरासमोर कुणी म्हणत असेल तर ते आधी बंद करा.

शिवाय वाट दुहेरी आहे. वागण्यानंही हार्मोन वर-खाली होतं. कॉलेजच्या कुस्तीगिरांवरचा १९८१ चा अभ्यास आहे: कुस्तीनंतर टेस्टोस्टेरॉन दोघांचंही वाढलं, जिंकणाऱ्याचं जास्त. कुंडलच्या मैदानात निकाली कुस्ती मारून आलेला पैलवान बघितलात तर हे वेगळं सांगायला नको. उलट फिलिपिन्समधल्या सेबूत २०११ मध्ये दिसलं की बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि रोज लेकराला सांभाळणाऱ्यांचं जास्त.

आता तुमच्या मुलाकडे येतो. वयात येताना मुलाचं टेस्टोस्टेरॉन दहापटीहून जास्त वाढतं, ते वाढायलाच हवं. प्रौढ पुरुषात ते साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, आणि या पट्ट्यातला आकडा बघून कोण तापट, कोण शांत हे सांगता येत नाही. त्याच वेळी विचार करून थांबवणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. त्यात या वयात झोपेचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं. रात्री बारापर्यंत मोबाइल, पहाटे पाचला तालीम, दिवसभर कॉलेज आणि क्लास, एवढ्यावर तर म्हैसही शिंग उगारेल. आधी झोप मोजा.

तालमीत कुणाशी जुंपली आणि का, हे वस्तादांना विचारा. त्याला तिथं कुणी सतत डिवचत असेल, तर उत्तर तिथंच आहे, रक्ताच्या बाटलीत नाही. मात्र महिनोन्‌महिने उदास असणं, मारहाण, स्वतःला इजा करण्याची भाषा, यातलं काही असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका.

आणि एक गोष्ट नक्की बघा: त्याच्या बॅगेत सुई, कुपी किंवा नाव नसलेल्या गोळ्या आहेत का. तब्येत लवकर भरावी म्हणून काही पोरं बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीची स्टेरॉइड्स घेतात. त्यानं चिडचिड खरंच वाढू शकते. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू वृषणांना जाणारा निरोप बंद करतो, ती आखडतात, शुक्राणू घटतात. हाडांची टोकं लवकर जुळली तर उंची तिथंच थांबते. असं काही सापडलं तर आरडाओरडा न करता त्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे न्या, मिरज-सांगलीत ते मिळतील, आणि ती कुपी सोबत घेऊन जा.