पात्र की खोरे? वाटलेले की सामाईक?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे : युरोपातल्या डॅन्यूब नदीबद्दल इंग्रजीत ‘शेअर्ड बेसिन’ असे होते, त्याचे मी केलेले ‘डॅन्यूब हे १९ देशांनी वाटून घेतलेले नदीपात्र आहे’ हे वाक्य संपादकांनी लाल केले, ते का?

चूक एक नाही, दोन आहेत.

आधी ‘पात्र’. बेसिन म्हणजे भांडे आणि पात्र म्हणजेही भांडे, त्यामुळे हात आपसूक तिकडे जातो. पण मराठीत नदीचे पात्र म्हणजे दोन काठांमधली जागा. पात्रातून वाळू उपसतात, उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, पुण्यात तर पात्रातून रस्ताही जातो. डॅन्यूबचे पात्र १० देशांनाच लागते. १९ हा आकडा खोऱ्याचा. जिथे पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून शेवटी डॅन्यूबला मिळतो ती सगळी जमीन म्हणजे खोरे, आणि ते सुमारे ८ लाख चौरस किलोमीटर भरते. चेक प्रजासत्ताकात डॅन्यूब वाहतच नाही, पण तिथली मोरावा तिला जाऊन मिळते, म्हणून तो देश खोऱ्यात येतो.

हा शब्दांचा कीस नव्हे. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियातल्या बाया मारे इथे सोन्याच्या खाणीच्या गाळतळ्याचा बांध फुटला. सायनाइडचे पाणी आधी सोमेश, मग तिसा, मग डॅन्यूब असे एका नदीतून दुसरीत उतरत गेले आणि हंगेरी-सर्बियात मेलेल्या माशांचा खच पडला. बाया मारे डॅन्यूबच्या पात्रापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, खोऱ्यात मात्र आहे. १९९४ साली सोफियात सह्या झालेला डॅन्यूब संरक्षण करार खोऱ्याचा आहे तो याचसाठी. त्याचा आयोग व्हिएन्नात बसतो. त्यावर युरोपीय संघ आणि १४ देश आहेत, त्यांतल्या चौघांना डॅन्यूब शिवतही नाही.

‘खोरे’ हा शब्दही पूर्वी एवढा ऐसपैस नव्हता. शिवकाळातली रोहिडखोरे, कानदखोरे ही नावे डोंगरांमधल्या लहानशा टापूंची. ‘कृष्णा खोरे’ म्हणू लागलो तेव्हा त्याच शब्दात अख्खा मुलूख मावला. (पैसा ओढतात ते खोरे निराळे, ते अवजार.) ‘पाणलोट क्षेत्र’ चुकीचे नाही, पण जलसंधारणाच्या कामांमुळे ते म्हटले की गावचे शिवार आणि समतल चरच डोळ्यांपुढे येतात.

आता ‘वाटून घेतलेले’. इथे अर्थच उलटला आहे. भाऊ वेगळे झाले की जमीन वाटतात, पण विहीर बहुधा सामाईक राहते. पाणी पाळीने, गाळ काढायचा खर्च दोघांच्या माथी, आणि एकाने घाण केली तर दुसऱ्याच्याही घागरीत. १९६० च्या सिंधू करारात रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे गेल्या. तिथे ‘वाटून घेतल्या’ म्हणा, शोभेल. (भारताने २०२५ मध्ये तो करार स्थगित केला, तो विषय वेगळा.) डॅन्यूबचे कुणी असे तुकडे पाडलेले नाहीत.

लिहिताना ‘सामायिक’, बोलताना ‘सामाईक’. मला दुसरे अधिक घरचे वाटते. वाक्य एवढेच करा : ‘डॅन्यूबचे खोरे १९ देशांचे सामाईक आहे.’