घरी केलेल्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला 36 मीटरच जातो. धनुष्य 60 पाउंडांचं करू का?

तुम्ही लिहिलंय की धनुष्य 28 इंच ओढल्यावर 45 पाउंड भरतं (म्हणजे तिथे धरायला तेवढा जोर लागतो), बाण 30 ग्रॅमचा आहे, दोरी हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची आहे. 15 मीटरवर पोतं ठेवून, फोन पायाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केलात. दोरीचा टणत्कार आणि पोत्यावरचा थाड, यांत 0.417 सेकंद. म्हणून 36 मीटर.

आधी रंधा खाली ठेवा. तुमचा बाण 36 नं जात नाहीये. फोन तुमच्या पायाशी होता, म्हणजे पोत्यावर बाण लागल्याचा आवाज 15 मीटर मागे चालत आला आणि मग फोनला ऐकू आला. आवाजाला त्या प्रवासाला 0.044 सेकंद लागतात. ते वजा केले तर उरतात 0.373 सेकंद, आणि वेग होतो 40 मीटर. पुढच्या वेळी फोन बाजूला, पण तुमच्यापासून आणि पोत्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा. दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो, वजाबाकीच नको.

आता 40 चांगला की वाईट? लाकडी धनुष्यं करणाऱ्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: पाउंडात 100 मिळवा, तेवढे फूट प्रति सेकंद. म्हणजे 45 पाउंडाला 145 फूट, साधारण 44 मीटर. अट अशी की दर पाउंडाला 10 ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) वजनाचा बाण हवा (तुमच्यासाठी 29 ग्रॅम, म्हणजे बाण बरोबर आहे) आणि ओढ खरोखर 28 इंचांची हवी. बहुतेक जण इथेच फसतात. बॅग तोलायच्या हुकाच्या वजनकाट्याला लावून 28 इंच ओढणं वेगळं, आणि उभं राहून नेम धरताना ओढणं वेगळं. बाणावर मार्करनं 25, 26, 27, 28 च्या खुणा करा आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. मी स्वतः छातीठोकपणे 28 सांगायचो, निघाली 26.

दोन इंचांनी काय होतं? दोरी धनुष्यापासून 6 इंचांवर आहे असं धरू. 28 पर्यंत ओढलं तर सुमारे 56 ज्यूल ऊर्जा साठते. 26 वर सोडलं तर जोर 40 पाउंडांवर येतो आणि साठतात 45 ज्यूल. तुमच्या बाणात निघताना 24 ज्यूल आहेत. 56 मधून 24 म्हणजे धनुष्य सुस्त, 45 मधून 24 म्हणजे घरच्या लाकडी धनुष्याला नावं ठेवायला जागा नाही. नेमकं कुठलं, ते तुमच्या खुणा सांगतील.

मग बाकीची ऊर्जा जाते कुठे? थोडी लाकडाच्या आत मुरते, पण मोठा वाटा धनुष्याची पातीच (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) खातात. बाण निघतो तेव्हा पातीसुद्धा जोरात पुढे येत असतात, आणि सगळ्यात वेगात असतात त्यांची टोकं. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात हे छान मांडलं: प्रत्येक बाणासोबत धनुष्य जणू ठरावीक ग्रॅमांचं एक अदृश्य ओझंही फेकतं. माझं ओझं मी काढलं होतं. 25 ग्रॅमचा बाण 44 नं गेला, 35 ग्रॅमचा 39 नं. दोन्हींचा हिशेब जुळायला साधारण 12 ग्रॅम ओझं धरावं लागतं. म्हणूनच बाण निम्म्या वजनाचा केला म्हणून वेग काही वाटतो तितका वाढत नाही. ओझं तिथेच राहतं. उलट फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडण्यासारखं, आणि रिकामी दोरी सोडली की एक दिवस कडाड.

माझं धनुष्य धामणीचं. आमच्याकडे कोकणात कुऱ्हाडीच्या दांड्याला हे लाकूड वापरतात, लवचीक आणि चिवट. पहिल्यांदा भीतीपोटी टोकं अंगठ्याएवढी रुंद ठेवली होती. 42 पाउंडांचं धनुष्य, पण बाण सुटला की मूठ मनगटाला झिणझिण्या आणायची. तो हादरा म्हणजेच बाणाला न मिळालेली ऊर्जा. मग शेवटच्या एका वितीत दोन्ही बाजूंनी कानस लावली, नंतर फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडत गेलो. जाडीला हात लावला नाही. टोकं करंगळीएवढी झाली, 12 मिलिमीटर. पुन्हा तोललं तर 40 पाउंड भरलं. दोन पाउंड गेले, तरी तोच 30 ग्रॅमचा बाण 38 वरून 41 वर आला आणि झिणझिण्या जवळपास थांबल्या. दर वीस-पंचवीस खरवडींनंतर दोरी चढवून बाक बघा मात्र. एक पातं जास्त वाकायला लागलं तर दुसऱ्यावरून घ्यायचं, वाकणाऱ्यावरून नाही.

त्याआधी दोरी बदला, हे सगळ्यात स्वस्त. नायलॉन ताणतो. पाती पुढे येऊन ज्या क्षणी दोरीनं झटक्यात थांबायला हवं, त्याच क्षणी ती रबरासारखी लांबते. पॉलिएस्टरचा जाड शिलाईचा दोरा घ्या, पीळ घाला, मेण चोळा. दोरी बारीकच ठेवा, पण धनुष्याच्या पाउंडांच्या निदान चौपट वजन सहज पेलेल इतकी.

आणि हो, पावसाळ्यात मोजू नका. जुलैत माझं 40 पाउंडांचं धनुष्य 36 भरायचं, लाकूड ओल पिऊन आळशी होतं, आणि तसं ताणलं तर कायमचा बाक धरतं. दोरी उतरवल्यावर काठी दोन इंचांहून जास्त वाकलेली राहत असेल, तर ते नुकसान कानसीनं भरून येत नाही.

ओजस देवतळे, आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, ते कंपाउंडवर. ती धनुष्यं 80-90 मीटरनं बाण फेकतात, कप्प्या असतात त्यांना. त्या आकड्यांशी तुलना करून झोप घालवू नका. 20 मीटरवर 40 नं जाणारा बाण सव्वा मीटर खाली येतो, 44 नं जाणारा एक मीटर. नेमात जेमतेम एका वितीचा फरक.

60 पाउंडांचं म्हणाल तर याच काठीतून ते होणार नाही. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. टोकं कापून आखूड केलं तर पाउंड वाढतात, पण मग 28 इंच ओढताना धनुष्याच्या पोटाला, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला, बारीक आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसतील. त्यासाठी नवं, लांब लाकूडच घ्या, आणि आधी 45 पूर्ण 28 पर्यंत ओढून दोन सेकंद न थरथरता धरता येतं का ते बघा.