मोसंबीची साल जाड, रस कमी : युरिया कधी थांबवायचा?

प्रश्न (जामनेर तालुका) : आठ वर्षांची मोसंबी, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा). पावसाळाभर केळीबरोबर हिलाही ड्रिपमधून युरिया सोडला. झाडं काळीशार झाली, पण सप्टेंबर सरत आला तरी फळ हिरवंच, साल जाड, रस कमी आणि आंबट.

उत्तर : भाऊ, केळीचं वेळापत्रक मोसंबीला लावू नका. आपल्या केळीपट्ट्यात ही सवय फार आहे आणि नुकसान थेट भावात होतं. फळ पोसायच्या वेळी युरियातलं नत्र (नायट्रोजन) मिळत राहिलं की झाड नवी फूट काढत बसतं. साल जाड होते, आंबटपणा उतरायला वेळ लागतो, हिरवा रंग हटत नाही. रंगाचा सगळा दोष मात्र युरियावर नाही. रात्री गार पडल्याशिवाय पिवळेपणा नीट येत नाही. कोवळ्या फुटीवर सायला (रस शोषणारी बारीक कीड) आणि पानं पोखरणारी अळी येते, तो फवारणीचा खर्च वेगळा.

आता युरिया पूर्ण बंद. पालाश (पोटॅश) द्यायचं तर ०:०:५० खत द्या; हे आकडे ओळीने नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाचे टक्के. १३:०:४५ नको, त्यातही १३ टक्के नत्र आहे. जाड झालेली साल यंदा पातळ होणार नाही, हे स्पष्टच सांगतो. पण डिसेंबरचा ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) नीट बसला तर पुढचा बहार हातात आहे. उशिरा दिलेल्या नत्राने झाड हिरवं राहतं, ताण बसत नाही आणि फुलाऐवजी पालवी फुटते.

पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला ८०० ग्रॅम नत्र, म्हणजे साधारण पावणेदोन किलो युरिया. माती-पान तपासणीप्रमाणे तो कमी-जास्त करा. निम्मा जानेवारीत ताण तोडताना, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करताना, शेणखत, निंबोळी पेंड आणि स्फुरद-पालाशासोबत. उरलेला दीड महिन्याने, फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. त्यानंतर नाही. ड्रिपमधून देत असाल तर हेच नत्र याच काळात हप्त्याहप्त्याने सोडा.

हाताने देताना खोडाशी ढीग घालू नका. अन्न घेणारी बारीक मुळं झाडाच्या घेराखाली असतात, तिथे पसरून मातीत मिसळा आणि लगेच पाणी द्या. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर पडून राहिलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडून जातो.

प्रश्न (पाचोरा तालुका) : पानं पिवळी पडली, युरिया वाढवू का?

उत्तर : आधी कोणती पानं पिवळी, ते बघा. खालची जुनी पानं शिरांसकट सारखी पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर जस्त किंवा लोहाची कमतरता. तिथे युरियाने काही होत नाही. खोडावर डिंक दिसला किंवा बुंध्याशी पाणी साचत असेल तर खत राहू द्या, आधी चर काढा. खात्रीसाठी फळ नसलेल्या फांद्यांची पाच ते सात महिन्यांची पानं बागेतल्या वेगवेगळ्या झाडांवरून घ्या, कागदी पिशवीत भरा आणि पान तपासणीसाठी कुठे द्यायची ते पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आंबियाच्या बागेसाठी सध्याचेच दिवस योग्य आहेत.