कोलियसच्या (रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या) एका फुटव्याची पानं दाट, बुटकी आली आहेत. हा नवा वाण म्हणायचा का?

म्हणता येईल, पण घाई करू नका. आधी तो फुटवा दोन पेरांखाली कापून कुंडीत लावा. मूळ झाडाचीही एक काडी त्याच दिवशी, तेवढ्याच कुंडीत, त्याच उन्हात लावा. ही जोडीची कुंडी फार महत्त्वाची, कारण कडक ऊन, लहान कुंडी किंवा कमी खत यांनीही झाड आखूड राहतं. नर्सरीतून आणलेलं रोप असेल तर आणखी एक शक्यता: आपले आंबा बागायतदार वापरतात ते पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे वाढ रोखणारं रसायन, कुंडीतल्या झाडांनाही देतात. त्याचा असर ओसरला की झाड पुन्हा लांबतं.

पट्टी घेऊन दोन पेरांमधलं अंतर मोजत जा. काडीपासून काडी अशा तीन-चार पिढ्या ते आखूडच राहिलं, तर तुमच्या हाती खरा 'स्पोर्ट' लागलाय, म्हणजे फांदीच्या कोंबातच झालेला जनुकीय बदल. घराघरांत दिसणारा बुटका स्नेक प्लांट 'हाह्नी' असाच, 1939 साली अमेरिकेत न्यू ऑर्लीन्समध्ये सापडला होता.

बी मात्र धरू नका. कोलियसच्या बियांतून भलतेच रंग निघतात. तुरा दिसला की खुडा. (नवनवे प्रकार हवे असतील तेव्हा मात्र बीच पेरा, मजा येते!)

कायदेशीर नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून तारखेसह फोटो आजपासूनच काढून ठेवा.