स्टीअरिंगचा जोर आणि टायरची पकड

प्रश्न : मी गेली दोन वर्षे संगणकावर ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा मोटार शर्यतीचा खेळ खेळतो. माझे स्टीअरिंग गिअरवर चालणारे, साधारण २ न्यूटन-मीटर ताकदीचे आहे. जोर पूर्ण मिळावा म्हणून फोर्स फीडबॅकचा, म्हणजे स्टीअरिंगमधली मोटार हाताला देते त्या जोराचा, गेन (प्रमाण) मी १०० टक्के ठेवला आहे. वळणात स्टीअरिंग चांगले जड लागते, पण पुढच्या टायरांची पकड सुटल्याचे मला गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागल्यावरच कळते. शिवाय सरळ रस्त्यावर हात सैल सोडले की स्टीअरिंग आपोआप डावी-उजवीकडे थरथरते. जास्त ताकदीचे स्टीअरिंग घेणे हाच यावर उपाय आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नवीन स्टीअरिंग घेण्याची घाई करू नका. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा सेटिंगमध्येच आहे.

वळण घेताना टायरचा जो पट्टा रस्त्याला टेकलेला असतो, त्याच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे बाजूचा जोर काम करतो आणि या थोड्याशा अंतरामुळे चाकाला पुन्हा सरळ करू पाहणारा पीळ निर्माण होतो. आपल्या हाताला जाणवणारा जडपणा मुख्यतः या पिळाचा असतो. टायर पकडीच्या मर्यादेजवळ पोहोचू लागला की हे अंतर कमी होत जाते आणि पीळ उतरतो. महत्त्वाचे म्हणजे, पकड कमाल पातळीवर पोहोचण्याच्या थोडे आधीच तो उतरू लागतो. म्हणूनच अनुभवी चालकाला टायर घसरण्यापूर्वी सूचना मिळते, आणि ती सूचना स्टीअरिंग हलके होण्यातून मिळते. मला विचाराल तर फोर्स फीडबॅकचे सारे सार या हलके होण्यात आहे.

आता आपल्या १०० टक्के गेनचे काय होते ते पाहा. समजा, वेगवान वळणात खेळाने मोटारच्या क्षमतेच्या १३० टक्के जोर मागितला आणि पकड सुटू लागताच ती मागणी १०५ टक्क्यांवर उतरली. मोटार दोन्ही वेळा १०० टक्केच देणार. त्यामुळे गाडीच्या दृष्टीने एवढा मोठा बदल होऊनही आपल्या हाताला काहीच कळत नाही. यालाच क्लिपिंग म्हणतात. या खेळाच्या पडद्यावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकचीही पट्टी असते आणि जोर मर्यादेला टेकला की ती लाल होते. गेन ७० टक्क्यांपासून सुरू करा आणि बेल्जियममधील स्पा सर्किटवर चार-पाच फेऱ्या मारा. तेथील ओ रूज या वळणाच्या तळाशी गाडी खाली दाबली जाते आणि पूओंच्या लांब, वेगवान वळणात हवेच्या दाबामुळे टायरांवरचा भार वाढलेला असतो. त्यामुळे जोराची खरी परीक्षा तेथे होते. कडेच्या उंचवट्यावरून जाताना पट्टी क्षणभर लाल झाली तर चालेल, परंतु पूओंमध्ये ती सलग लाल राहत असेल तर गेन ५ टक्क्यांनी उतरवा. लॉजिटेक जी२९ सारख्या २ न्यूटन-मीटरच्या आसपासच्या स्टीअरिंगवर क्लिपिंग पूर्णपणे टाळायला गेलो, तर संथ वळणांत हाताला फारसे काही लागत नाही. तेवढी तडजोड आपल्या हाताला विचारूनच करावी लागेल. ‘रोड इफेक्ट्स’ (रस्त्याच्या खडबडीतपणाची कृत्रिम थरथर) मात्र मी शून्याजवळ ठेवतो, कारण वरून मिसळलेला तो थरार याच मर्यादित जोरातला वाटा खातो.

थरथरीचा संबंध ‘मिनिमम फोर्स’शी असावा. गिअरमधील घर्षणामुळे अगदी लहान जोर रिमपर्यंत (हातात धरायच्या चाकापर्यंत) पोहोचत नाहीत, म्हणून हे सेटिंग त्यांना वर उचलते. ते प्रमाणाबाहेर वाढवले तर मध्याशी स्टीअरिंग एका बाजूला ढकलले जाते, खेळ किंचित उशिराने उलट जोर पाठवतो आणि हा झोका चालूच राहतो. सरळ रस्त्यावर हात हलके धरून ही किंमत शून्यापासून एकेकाने वाढवत जा. थरथर सुरू झाली की दोन पायऱ्या मागे या. पूर्णपणे हात सोडल्यावर येणारा थोडा झोका मनावर घेऊ नका, कारण हातांचे वजनच तो शमवते. संगणकावरील स्टीअरिंगच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधील ‘सेंटरिंग स्प्रिंग’ बंद असल्याची खात्रीही करून घ्या. ती स्प्रिंग टायरच्या पकडीचा विचार न करता स्टीअरिंग मध्याकडे ओढते.

प्रश्न : मी नुकतेच ८ न्यूटन-मीटरचे डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग घेतले आहे. माझा बारा वर्षांचा मुलगाही ते वापरू इच्छितो. ते सुरक्षित आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काळजी घेतल्यास मुलाला वापरू देण्यास हरकत नाही. त्याच्यासाठी ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये वेगळे प्रोफाइल करून एकूण ताकद ३ न्यूटन-मीटरच्या आसपास ठेवा. खेळातील गेन तसाच राहिल्यामुळे जड-हलक्याचे प्रमाण बिघडत नाही. फक्त सगळेच सौम्य होते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रिम थेट मोटारच्या दांड्यावर बसते, मध्ये गिअर किंवा पट्टा नसतो, म्हणून ‘मिनिमम फोर्स’ शून्यच असू द्या. अंगठे आऱ्यांमध्ये अडकवण्याऐवजी रिमवर टेकवण्याची आणि धडक अटळ दिसताच हात सोडण्याची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लावा. रिम झटक्यात फिरली तर मनगट आणि अंगठा यांना इजा होऊ शकते. पहिले काही दिवस आपण स्वतः त्याच्या शेजारी बसा आणि मोटार बंद करण्याचे बटण आपल्या हाताच्या अंतरावर राहील असे पाहा.